कोपरापर्यंत फेस

“या गोठ्यात जंतूला जन्म घेण्याची परवानगी नाही.”

असं अण्णांनी एकदा जाहीर केलं, आणि नुसतं जाहीर करून समाधान होईना म्हणून पाटीवर रंगवून घेतलं. पांढऱ्यावर निळी अक्षरं, दोन ओळी. पाटी दारावर अशा उंचीला ठोकली होती की आत शिरणाऱ्यानं ती वाचावी किंवा कपाळावर घ्यावी. तीन वर्षं गेली. पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवाळ धरलं, ते हळूहळू सरकलं आणि शेवटचा शब्द गिळून बसलं. त्यामुळे आता जंतूला जन्म घेण्याची रीतसर परवानगी होती. हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, फक्त अण्णांच्या नाही. त्यांना पाटी पाठ होती, आणि पाठ असलेली गोष्ट माणूस कशाला वाचतो?

अण्णा म्हणजे बेचाळीस गायींच्या गोठ्याचे मालक. पण गोठा हा उतारवयातला उद्योग. त्याआधी एकतीस वर्षं ते साबणाच्या कारखान्यात फेस मोजत होते. काचेच्या उभ्या नळीत साबणाचं पाणी घ्यायचं, ठरलेल्या वेळा हलवायचं, फेस किती चढला ते पट्टी लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. एकतीस वर्षं फेस मोजलेल्या माणसाचा पुढे दुसऱ्या कशावर विश्वास बसणं अवघडच. दात घासताना पुरेसा फेस झाला नाही तर अण्णा पुन्हा पहिल्यापासून घासत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना घड्याळ दिलं होतं. ते त्यांनी कपाटात ठेवलं आणि पट्टी तेवढी खिशात घातली.

अशा माणसाच्या गोठ्यात तीन महिने कासदाह फिरत होता. आज हिची कास सुजलेली, उद्या तिच्या दुधात गुठळ्या. गुरांचे डॉक्टर येत, सुया टोचत, चष्मा पुसत आणि जात. गायी बऱ्या होत आणि पुन्हा पडत. एकटी सतरा नंबर मात्र बरी व्हायचं नाव घेईना. तिला औषधांचे तीन फेरे देऊन झाले होते. मागचा उजवा सड दगडासारखा कडक झाला होता आणि हात लावला की ती पाय झाडत होती.

सतरा नंबर हे कानातल्या बिल्ल्यावरचं नाव. मावशी तिला ‘बाळ’ म्हणत. बाळाचं वजन साडेचारशे किलो होतं.

मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या. गोठा सुरू झाला त्या दिवसापासून दूध काढण्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. सतरा नंबर जन्मली तेव्हा तिची आई व्यायलेल्या जागेवरच गेली होती. मावशींनी ते वासरू दोन महिने बाटलीनं वाढवलं. घरी जाऊन स्वतः जेवायला विसरत, पण बाटली विसरत नसत. मावशींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. हे कोणी बोलत नसे, कारण न बोलताही दिसत होतं.

सोमवारी डॉक्टरांनी चष्मा दोनदा पुसला, तेव्हाच अण्णांच्या बायकोनं ओळखलं की बातमी चांगली नाही. घरात आणि गोठ्यात सगळे त्यांना आई म्हणत. डॉक्टर म्हणाले की एक जनावर जंतू धरून बसलं आहे आणि तेच बाकीच्यांना वाटत सुटलं आहे. सतरा नंबरला कळपातून काढावं लागेल. त्यांनी तसं पत्र लिहून ठेवलं; सही गाय नेताना करायची होती. बुधवारी चार वाजता गाडी येणार होती. ती गाडी जनावरं घेऊन जाई आणि रिकामी परत येई.

अण्णांनी सगळ्यांना गोठ्यात गोळा केलं. ते पाटीखाली उभे राहिले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. कारखान्यात आवाज चढवला की फेस हलतो.

“हा रोग ज्यानं या गोठ्यात आणला, तो या गोठ्यात राहणार नाही. जनावर असो, माणूस असो.”

मावशींनी सतरा नंबरच्या पाठीवर हात ठेवला आणि तो दिवसभर काढला नाही. संध्याकाळी निघताना आईंना एवढंच म्हणाल्या की बुधवारी चारनंतर माझी वाट बघू नका.

अण्णांची सूनबाई गुरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत जंतू बघायचं काम करत असे. तिथे तिला ‘मॅडम’ म्हणत आणि घरी ‘सूनबाई’. दोन्हीकडे तिचं म्हणणं ऐकून घेत आणि आपल्याला हवं तेच करत. सूनबाईला त्या पत्रात काहीतरी खटकत होतं. गाय जंतू वाटते हे खरं, पण एक्केचाळीस जणींना वाटायला ती गोठ्यात फिरत थोडीच होती? ती तर खुंट्याला बांधलेली. फिरत होतं ते दूध काढायचं यंत्र. यंत्राला चार रबरी पेले होते. ते एकीच्या सडांवरून निघत, जंतुनाशकाच्या बादलीत बुडत आणि दुसरीच्या सडांवर चढत. आणि ते जंतुनाशक चार महिन्यांपूर्वी सूनबाईनंच सुचवलं होतं. आधीचं औषध गायींच्या सडांना झोंबतं म्हणून. रोग सुरू झाला तीन महिन्यांपूर्वी. हा हिशेब तिनं स्वतःशीच केला होता आणि अजून कुणाला सांगितला नव्हता. जेवताना अण्णा एकदा तिच्याकडे बघून “नवीन औषध” इतकंच म्हणाले होते आणि पुढचं वाक्य त्यांनी भाताबरोबर गिळलं होतं.

पत्र यायच्या आदल्या आठवड्यातच तिनं गुपचूप नमुने घेतले होते. पहाटेचं दूध काढून झाल्यावर, गोठा शांत असताना. कापसाच्या बोळ्यांनी पेल्यांच्या आतून, बादलीच्या कडेवरून, सतरा नंबरच्या सडांवरून पुसून घेतलं. शेणाच्या नालीतलंही घेतलं, तुलनेला. एका बाटलीत औषधाच्या बंद पिंपातलं ताजं औषध, दुसरीत बादलीतलं.

बादली तेव्हाही अर्धी भरलेलीच होती. ती कधी रिकामी होत नसे. औषध ओतून देणं म्हणजे माज, असं अण्णांचं मत होतं. कालचं थोडं ठेवायचं आणि त्यावर आजचं ओतायचं. दह्याचं विरजण राखतात तसं.

बुधवारी सकाळी दहाला सूनबाईनं उबवणीच्या कपाटातून काचेच्या बशा बाहेर काढल्या आणि एकीवर एक रचून टेबलावर मांडल्या. सतरा नंबरच्या बशीवर हिरवट जंतू होता. पेल्यांच्या बशीवर तोच. बादलीच्या बशीवर मात्र मोजायलाही जागा नव्हती, सगळी बशी हिरवी. झाकण किंचित उचललं तर पिकलेल्या द्राक्षांसारखा गोड वास आला. हा जंतू तसाच वास सोडतो. लबाड माणूस गोड बोलतो त्यातलाच प्रकार. सगळ्यात स्वच्छ बशी निघाली शेणाच्या नालीची. निदान त्या हिरव्या जंतूचा तिथे मागमूस नव्हता.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती, आणि तीही चार वाजता.

पण बशा दाखवून भागणार नव्हतं. अण्णा म्हणणार, गायीनंच बादली बाटवली. डॉक्टरही तेच म्हणणार, आणि ते शक्यही होतं. खरा प्रश्न वेगळा होता: औषधाच्या बादलीत जंतू जगलाच कसा? त्यासाठी तिनं आदल्या दिवशी काचेच्या चार नळ्या लावल्या होत्या. चारहीत सतरा नंबरच्या बशीवर तोवर उगवलेला तोच हिरवा जंतू सोडला होता. पहिलीत ताजं औषध, सांगितल्या प्रमाणात. दुसरीत औषध नाही, नुसतं जंतूंचं खाद्य. तिसरीत ताजं औषध, पण अगदी नावापुरतं. चौथीत बादलीतलं पाणी गाळून. एक दिवस ठेवायचं, पाणी ओतून द्यायचं, जांभळा रंग घालायचा आणि धुवायचं. सुटे जंतू वाहून जातात. काचेला चिकटून जे थर करून बसतात, त्यांच्यावर रंग राहतो. जितका थर जाड, तितकी नळी जांभळी.

पहिली नळी पाण्यासारखी स्वच्छ होती. दुसरी फिकट. तिसरी गडद. चौथी इतकी जांभळी, की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसेना.

सूनबाई खुर्चीवर बसली. सुटा जंतू हा बिचारा असतो. औषधाचा थेंब पडला की संपला. पण त्याला नीट मारलं नाही, नुसतंच डिवचलं, तर तो भावंडांना बोलावतो. सगळे एकमेकांना चिकटतात, भोवती बुळबुळीत भिंत घालतात आणि एकत्र कुटुंब थाटतात. एकत्र कुटुंबावर बाहेरच्या कशाचा परिणाम होत नाही, हे तिला प्रयोगशाळेत न येताही ठाऊक झालं असतं.

म्हणजे औषध चांगलं होतं. पिंपातही चांगलं होतं. पिंपातून बादलीत जाताना त्याला कोणीतरी मारत होतं. कालचं त्यात राहतं हे एक झालं. पण नुसत्या तेवढ्यानं इतकं व्हायला नको. काय ते तिला कळेना. तिनं अण्णांना फोन केला. अण्णा फोन जंतूंच्या भीतीनं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत आणि पिशवी कपाटात. तो कपाटात वाजला. आईंचा फोन लागेना. डॉक्टर एका गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून होते, असं त्यांच्या मदतनिसानं कळवलं.

जिवंत जंतू प्रयोगशाळेबाहेर न्यायचे नाहीत हा नियम, म्हणून बशांचे फोटो काढले. रंगवलेल्या चार नळ्यांतला जंतू मारून टाकला होता. त्या तिनं जेवणाच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवल्या आणि स्कूटरला किक मारली. अडीच वाजले होते. वाटेत रस्ता खणलेला. एका माणसानं फावडं टेकून तिला सावकाश सांगितलं की पलीकडून जा. पलीकडेही खणलेलं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी ती पोहोचली, तेव्हा गाडी आलेली होती.

गाडी चारची आणि आली तीनलाच. मागची फळी खाली टेकवलेली. गाडीवाला जाड मिशांचा, मध्यमवयीन, गप्प माणूस. तो दोन्ही हात अंगापासून लांब धरून फळीशेजारी उभा होता, जणू कशाला तरी कवेत घ्यायला आला आहे. त्याला बघून मावशींचा चेहरा राखेसारखा झाला. त्या सतरा नंबरच्या आणि दाराच्या मधे उभ्या होत्या. गाडीवाल्यानं एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हा अण्णांनी त्याला हातानंच थांबवलं होतं, की वेळ चारची आहे, चारलाच नेशील. तो थांबला होता.

आई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सूनबाईच्या हातातला डबा बघितला, ही पोरगी अजून जेवली नाही असा अर्थ काढला आणि डबा उघडायला घेतला. सूनबाईनं तो हिसकावलाच. सासूच्या हातून डबा हिसकावण्याचा त्या घरातला हा पहिला प्रसंग. आईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या उठून तिच्या मागोमाग गोठ्यात आल्या.

डॉक्टर पत्रावर सही करायला नुकतेच येऊन उभे राहिले होते. सूनबाईनं त्यांच्यासमोर गव्हाणीच्या कठड्यावर चार नळ्या ओळीनं उभ्या केल्या आणि सांगायला सुरुवात केली. बशा, हिरवा रंग, पेले, बादली. डॉक्टर चष्मा न पुसता ऐकत होते. हे चांगलं लक्षण. अण्णा पट्टीशी चाळा करत ऐकत होते. चौथ्या नळीपर्यंत आल्यावर अण्णांनी तिला मधेच तोडलं. म्हणजे बादलीत औषध आहे आणि औषधातच जंतू आहे? मग असलं औषध आणलं कोणी?

सूनबाई उत्तर द्यायला वळली, आणि तिला बादली दिसली.

साडेतीन वाजत आले होते, दुपारचं दूध काढायची वेळ. गाय जायची असो की राहायची, बाकीच्या एक्केचाळीस जणी थांबणार नव्हत्या. मावशींनी रोजच्यासारखी बादली तयार करून ठेवली होती. बादलीवर फेस होता. साधासुधा नाही, पांढराशुभ्र, घुमटासारखा, कडेवरून ओघळणारा. दूध काढायच्या वेळी सूनबाई नेहमी प्रयोगशाळेत असे. पहाटे नमुने घेतले तेव्हा तो विरून गेलेला होता. चार महिन्यांत तिनं हा फेस पहिल्यांदाच बघितला.

त्या औषधाला फेस येत नाही. त्यात साबण घातला तरच येतो. आणि साबण घातला की ते औषध औषध राहत नाही. दोघं एकमेकांना असे मिठी मारतात की जंतूकडे बघायला कुणाला सवड उरत नाही. हे पिंपावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. सूनबाईनं प्रमाण सांगितलं होतं, वेळ सांगितली होती. साबण घालू नका हे सांगितलं नव्हतं. औषधात कोण कशाला साबण घालेल?

तिला सगळं एका क्षणात कळलं, आणि पुढच्या क्षणी दुसरीही गोष्ट कळली. बादली रोज भरतात मावशी. ‘जनावर असो, माणूस असो.’ जनावर वाचवायचं, तर माणूस द्यावा लागणार होता. अण्णा बोललेला शब्द मागे घेत नाहीत. घेतला असता तर पाटी कधीच उतरली असती.

सूनबाईनं सरळच असलेली चौथी नळी पुन्हा सरळ केली. गोठ्यात रवंथ करण्याचा आवाज तेवढा येत होता. गाडीवाल्यानं दारातून पुन्हा काही म्हणायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवलं.

“बोल की,” अण्णा म्हणाले. “औषधाचं काय ते बोल.”

सूनबाईनं डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला. ती म्हणाली की चूक तिची असेल, औषधाबद्दल जे सांगायला हवं होतं ते तिनं पूर्ण सांगितलं नाही. हे खरं होतं, पण अर्धं; आणि अर्धं सत्य अर्ध्या औषधासारखंच असतं. अण्णांनी मान हलवली. त्यांना हवं ते मिळालं होतं. औषध वाईट, गायही वाईट. त्यांनी डॉक्टरांना सही करायला सांगितलं.

डॉक्टरांनी पेन काढलं. पण त्यांची नजर बादलीवर होती. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं की या औषधाला इतका फेस कसा काय येतो?

“आपल्या गोठ्यात येतो,” अण्णा अभिमानानं म्हणाले. “कोपरापर्यंत. मी रोज हात घालून बघतो.”

मावशी सतरा नंबरजवळून दोन पावलं पुढे आल्या. पदर खोचलेला, हात ओले. त्यांनी अण्णांकडे बघितलं नाही, सूनबाईकडे बघितलं.

“साबणानं बिघडतं का गं ते?”

सूनबाईनं डब्याचं झाकण लावायला घेतलं. तेच उत्तर झालं.

“साबण मी घालते,” मावशी म्हणाल्या. “भांड्यांचा. दोन वाट्या. सकाळ-दुपार.”

मावशींनी पुढचं खाली बघून सांगितलं, वाक्यं तुटत तुटत. नवीन औषध आलं त्या दिवशी फेस नव्हता. मग साबण घातला तर फेस आला. काही दिवसांनी वासही छान यायला लागला, पिकल्या द्राक्षांसारखा. त्यांना वाटलं, औषध मुरतंय. आणि बाळाच्या वेळी त्या पेले दोनदा बुडवत. बाकीच्यांना एकदा, बाळाला दोनदा. जास्त स्वच्छ असावं म्हणून.

हे शेवटचं सांगताना त्या थांबल्या. सगळ्यांच्याच डोक्यात ते एकदम शिरलं होतं. मावशींच्या सगळ्यांत शेवटी शिरलं. त्यांनी ओले हात पदराला पुसायला घेतले, मग पदरही नको असं वाटून नुसतेच हवेत धरले. आता गोठ्यात हात अंगापासून लांब धरून उभी राहिलेली माणसं दोन झाली.

“मी जाते,” त्या म्हणाल्या. “तिला ठेवा.”

नियम अण्णांचा होता, आणि सगळ्यांनी ऐकलेला होता. त्यांनी मावशींकडे बघितलं, दाराकडे बघितलं, खिशातली पट्टी काढून पुन्हा खिशात घातली. “नियम म्हणजे…” त्यांनी सुरुवात केली.

“पहिल्या दिवशी बादली कोणी लाथाडली?”

हे आई म्हणाल्या. दाराच्या चौकटीला टेकून, भाजी कुठे ठेवली असं विचारावं इतक्या साध्या आवाजात. अण्णांनी वळून बघितलं.

“नवीन औषध आलं त्या दिवशी,” आई म्हणाल्या. “फेस नाही, तर मला खात्री नाही, असं म्हणून बादली कोणी लाथाडली? तीन दिवस हिच्या मागे कोण लागलं होतं, फेस काढ, फेस काढ म्हणून? हिच्या तोंडाला आला, तेव्हा हिनं बादलीला आणला. कालचं पाणी ओतू नको, हे कोण म्हणालं?”

अण्णांचा हात पुन्हा पट्टीकडे गेला.

“रोग आणणारा गोठ्यात राहणार नाही ना? मग गाडी दारात आलेलीच आहे. फळीही खाली टाकलेली आहे. चढा.”

‘गाडी’ शब्द ऐकून गाडीवाला एक पाऊल पुढे आला. आई त्याला म्हणाल्या, थांबा हो जरा तुम्ही. तो थांबला. थांबण्यात तो एव्हाना तरबेज झाला होता.

मग डॉक्टर बोलले. सतरा नंबरचा तो सड गेला, तो काही परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण उरलेले तीन शाबूत आहेत, आणि तीन सडांवर गाय संसार करू शकते. सगळे रबरी पेले आजच बदलायचे. त्यांच्या भेगांत जी एकत्र कुटुंबं बसली आहेत ती कशानं उठायची नाहीत. बादली फेकायची. नव्या बादलीत दर वेळी ताजं औषध, साबण नाही, कालचं नाही. सतरा नंबरचं दूध बारा दिवस हातानं आणि सगळ्यांत शेवटी काढायचं. बारा दिवसांनी सूनबाई पुन्हा बशी लावेल. बशीवर हिरवं उगवलं, तर गाडी पुन्हा येईल. हे त्यांनी लपवलं नाही. एवढं बोलून त्यांनी पत्राची चार वेळा घडी घातली, खिशात टाकलं आणि आता मात्र चष्मा पुसला.

मावशी परत फिरल्या आणि सतरा नंबरच्या मानेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. हात अजून लांबच धरलेले. गायीनं मान वळवून त्यांचा पदर चघळायला घेतला. तिला बारा दिवसांचं काही ठाऊक नव्हतं.

अण्णा मात्र तिथेच उभे होते. एकतीस वर्षांचा फेस एका दुपारी खाली बसताना माणसाच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं, ते बघायचं धैर्य कुणाला झालं नाही. सगळे गव्हाणीकडे, छताकडे, नळ्यांकडे बघत राहिले. अण्णांनी बाही कोपरापर्यंत वर सारली. बादलीपाशी गेले. आत हात घालतील असं वाटलं. पण त्यांनी बादलीच उचलली, बाहेर नेली आणि चार महिन्यांचं विरजण शेणाच्या खड्ड्यात उपडं केलं. फेस खड्ड्यावर बराच वेळ टिकून राहिला. चांगल्या प्रतीचा साबण होता.

मग ते वळले आणि सरळ गाडीकडे चालू लागले.

आधी कुणाला काही समजलं नाही. अण्णा फळीपाशी पोहोचले, पाठ ताठ केली आणि एक पाय फळीवर ठेवला. तेव्हा समजलं. शब्द म्हणजे शब्द. अण्णांनी आयुष्यात दिलेला एकही शब्द मोडला नव्हता, आणि पहिल्यांदा तो बायकोच्या तोंडून परत आला म्हणून मोडायला ते तयार नव्हते.

“अहो,” आई म्हणाल्या. आवाज आता भाजी विचारण्याचा नव्हता.

अण्णांनी दुसरा पाय उचलला. फळी करकरली. सूनबाई पुढे धावली आणि मधेच थबकली; सासऱ्याचा हात धरून ओढायची त्या घरात रीत नव्हती. मावशी दारातून कळवळून म्हणाल्या, अण्णा, उतरा हो, माझ्यासाठी उतरा. डॉक्टरांनी चष्मा लावला, काढला. अण्णा दोन्ही पायांनी फळीवर उभे, तोंड गाडीच्या आतल्या अंधाराकडे. त्यांचे खांदे हलत होते की फळी हलत होती, हे मागून कळत नव्हतं. ते हळूच वळले. सगळ्यांकडे एकदा बघितलं. घसा खाकरला. आता ते जे बोलतील ते कुठल्या पाटीवर मावणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. गोठ्यात बेचाळीस तोंडांचा रवंथही क्षणभर थांबल्यासारखा झाला.

तेवढ्यात गाडीवाला पुढे सरकला आणि त्यानं काळेकुट्ट, ग्रीसनं माखलेले दोन्ही हात अण्णांसमोर धरले.

“साहेब, मघापासून विचारतोय. वाटेत चाक बदललं. जरासा साबण मिळेल का?”